शेळीची नस, शेळीचं रक्त: कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतल्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, सोमवार

मॅडमनी आज प्रस्तावावर सही केली. नवी वही काढली. पहिल्या पानावर प्रश्न लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला नको: शेळीच्या टाकून दिलेल्या कंडरेतून (स्नायू हाडाला बांधणारी पांढरी नस, रक्तवाहिनी नव्हे) काढलेलं कोलॅजेन, म्हणजे तिला बळकटी देणारं प्रथिन, शेळीच्याच प्लेटलेट्स (रक्त गोठवायला धावणाऱ्या बारीक पेशी) ओळखतात का, आणि ओळखत असतील तर कोणत्या रूपात?

शेळीच का, तेही लिहिते. शिरोळकडे आजीच्या चार शेळ्या होत्या. एकीला कुत्र्यांनी फाडलं. जखमेत हळद दाबण्यापलीकडे घरात कुणाला काही करता आलं नाही आणि पहाटेपर्यंत ती गेली. माणसांच्या शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला कोलॅजेनचे स्पंज सर्रास वापरतात, ते बहुतेक गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींपासून केलेले असतात. शेळीच्या जखमेवर तसला महागडा स्पंज कोण लावणार? आणि इकडे आपल्या गावात रोज किती कंडरा कचऱ्यात जातात, ते कुठल्याही मटणाच्या दुकानाच्या मागच्या बाजूला दिसतं.

१२ जून, बुधवार

पहाटे साडेचारला काकांच्या दुकानी. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार, त्यामुळे रक्ताचं कामही त्याच दिवशी.

काकांनी आधी विचारलं, "ताई, रक्तीला पाहिजे का?" रक्ती म्हणजे रक्ताची भाजी. रक्तीसाठी रक्त धरताना ते पातेल्यात काडी घालून सतत ढवळत राहतात. पाच-सहा मिनिटांत काडीला ओलसर, गुलाबी-पांढरे धागे गुंडाळत जातात. काडी उचलून टाकली की पातेल्यातलं रक्त दिवसभर पातळ राहतं. हे धागे म्हणजे फायब्रिन. गोठणं थांबवायचं नाही, गोठू द्यायचं आणि गुठळी काडीवर काढून घ्यायची, अशी ही युक्ती. मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. पण त्या धाग्यांत प्लेटलेट्सही अडकून जातात, म्हणजे मला हवं तेच काडीबरोबर निघून जातं.

काका म्हणाले, "ढवळायचं नाही, आणि गोठायचंही नाही?" मग बाटली दाखवली. तळाशी ३.२ टक्के सोडियम सायट्रेट, एक भाग. वर रक्त नऊ भाग. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि कॅल्शियम मोकळं नसेल तर गोठण्याची साखळी पुढे सरकत नाही. पहिली धार सोडून द्यायची, कारण कापलेल्या कडांवरून टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि तिथूनच गोठायला सुरुवात होते. काकांनी मान हलवली, धार सोडली, आणि नंतर बाटली अशी धरली की एक थेंब बाहेर सांडला नाही.

लॅबमधल्या मामांनी सवयीने थर्मासमध्ये बर्फ भरून ठेवला होता. तो काढायला लावला. प्लेटलेट्सना गारठा सोसत नाही. चपटी तबकडी गोल होते, तिला काटे फुटतात, आणि मग तिच्यावर कसला प्रयोग करायचा! रक्त २२ ते २४ अंशांवर, कंडरा मात्र बर्फात. दोन पिशव्या, एका हातात गार आणि एका हातात कोमट, अशी बसमधून आले.

दुपारी: सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या दोनशेपट जोर), १० मिनिटं फिरवलं. माणसाच्या रक्तावर हे हमखास चालतं. वर पिवळसर, ढगाळ प्लाझ्मा येतो आणि त्यात प्लेटलेट्स. इथे वर बोटाच्या पेराइतकं लालसर पाणी, बस. पुन्हा फिरवलं, तेच. सेंट्रिफ्यूज बिघडलाय का म्हणून शेजारच्या लॅबच्या यंत्रात फिरवलं. तेच.

१४ जून, शुक्रवार

यंत्राचा दोष नाही. आज दोन नळ्या स्टँडला उभ्या लावल्या. एकीत माझं रक्त (आमच्या टेक्निशियन ताईंनी काढलं), दुसरीत शेळीचं. दोन्हींत सायट्रेट सारखंच. दवाखान्यात ईएसआर (तासाभरात लाल पेशी किती खाली बसतात ते) मोजतात तशीच पद्धत. तासाभराने माझ्या नळीत लाल रेषा ९ मिलिमीटर खाली आली होती. शेळीची रेषा जिथल्या तिथे. जेवून आले, चार तास झाले, तरी जिथल्या तिथे. नळीच्या तोंडाशी केसाएवढी पिवळी कड, तीही डोळे बारीक केल्यावर दिसली.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "स्लाइड लाव. उत्तर तिथे दिसेल."

स्लाइडवर माझ्या लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक बसलेल्या. कडेला तिरक्या पडलेल्या चळती अगदी स्पष्ट. शेळीच्या पेशी सगळ्या सुट्या, मोहरी सांडावी तशा. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या लाल पेशी अशा चळती करत नाहीत. चळत झाली की तिचं वजन वाढतं आणि ती भराभर खाली बसते. सुटी पेशी तरंगत राहते. घोड्याचं याच्या अगदी उलट असतं. त्याच्या पेशी इतक्या झपाट्याने चळती करतात की नळी उभी ठेवली की थोड्याच वेळात प्लाझ्मा वेगळा दिसायला लागतो.

आणि आकार! माणसाची लाल पेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर. शेळीची त्याच्या निम्मीही नाही, ३ ते ४. पाळीव जनावरांत सर्वांत लहान. घनफळात बघितलं तर फरक आणखी मोठा: माणसाची ८० ते १०० फेम्टोलिटर, शेळीची १६ ते २५. पेशी लहान म्हणून संख्या जास्त, एका मायक्रोलिटरमध्ये ८० लाखांपासून पावणेदोन कोटींपर्यंत. आता कळलं परवाचं गौडबंगाल. माणसाच्या रक्तात लाल पेशी मोठ्या आणि प्लेटलेट्स बारीक, म्हणून हलकं फिरवलं की लाल खाली आणि प्लेटलेट्स वर राहतात. शेळीत दोघींच्या आकारात फारसं अंतरच नाही. माणसाच्या रक्तासाठी लिहिलेली कृती मी शेळीला लावत होते.

ही गोष्ट कुणी आधी का सांगितली नाही, असं वाटलं खरं. पण सांगितली असती तर वाचून सोडून दिली असती. चार तास नळीसमोर बसल्यावर ती कायमची डोक्यात बसली.

१९ जून, बुधवार

जी वाढवत नेला, वेळ वाढवली. वरचा थर काढून पुन्हा वेगळ्या नळीत फिरवला. तिसऱ्या खेपेला प्लाझ्मा पिवळा आणि धुरकट आला. नळी खिडकीसमोर धरून हलकेच गोल हलवली तर आत रेशमासारख्या लाटा फिरल्या. प्लेटलेट्स तबकडीच्या आकाराच्या असतील, म्हणजे धडधाकट असतील, तरच या लाटा दिसतात. गोल झालेल्या असतील तर नुसता धूर. आज लाटा होत्या. मामांनाही बोलावून दाखवल्या.

२६ जून, बुधवार

मिठाच्या पाण्याची रांग लावली. दहा नळ्या, ०.९ टक्क्यांपासून ०.३ पर्यंत, एक रांग माझ्या रक्ताची, एक शेळीची. प्रत्येकीत २० मायक्रोलिटर. अर्धा तास थांबून सावकाश फिरवलं.

माझ्या रांगेत ०.५ पर्यंत वरचं पाणी स्वच्छ, तळाशी लाल ठिपका. तिथून पुढे गुलाबी, मग लाल. शेळीच्या रांगेत ०.७ च्या नळीतच गुलाबी झाक, ०.६ ला चांगलं लाल. लहान आणि जाडसर पेशीला आत पाणी शिरलं की फुगायला जागाच नसते, लगेच फुटते. माणसाच्या पेशीला मधला खळगा खोल असतो, तिथे तिला वाव मिळतो.

हे माझ्या कामाला महत्त्वाचं आहे, कारण फुटलेल्या लाल पेशीतून एडीपी नावाचं छोटं रसायन बाहेर पडतं आणि प्लेटलेट्सना तेवढीच चेतना पुरते. म्हणजे बफर किंचित पातळ झाला तरी प्लेटलेट्स कोलॅजेनविनाच चिकटायला लागतील आणि मी त्याला कोलॅजेनचा गुण समजून बसेन. आजपासून मीठ मी स्वतः तोलणार.

१ जुलै, सोमवार

कोलॅजेनचं पाहू आता. थोराड बकऱ्याच्या मागच्या पायाच्या कंडरा. वरचं पातळ आवरण आणि चरबी खरवडून काढली, बारीक तुकडे केले, ०.५ मोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये ४ अंशांवर तीन दिवस हलत ठेवले. शीतखोलीत स्वेटर घालून बसले होते, बाहेर आषाढाआधीचा घामट उकाडा.

तुकडे फुगले. साबुदाणा भिजल्यासारखे पारदर्शक झाले. पण विरघळले नाहीत. वरच्या द्रवात मीठ घालून पाहिलं तर नावाला चार धागे.

शेजारच्या गटाने त्यांच्या मंजूर प्रयोगातल्या उंदरांच्या शेपट्या आम्हाला दिल्या होत्या (एका जनावरातून जेवढं शिकता येईल तेवढं शिकावं, हा मॅडमचा नियम, आणि प्राणी-नीती समितीलाही तेच हवं असतं). उंदराच्या शेपटीच्या कंडरा याच ॲसिडमध्ये दोन दिवसांत विरघळून चिकट पाक झाला. ॲसिड तेच, तापमान तेच. फरक जनावराच्या वयात आहे. कोलॅजेनचे रेणू शेजारी शेजारी बसले की त्यांच्या टोकांना एकमेकांशी टाके पडतात. लायसिल ऑक्सिडेज नावाचं, तांबं असलेलं एक एन्झाइम त्यासाठी लागतं. वय वाढतं तसे हे टाके पक्के होत जातात, आणि मग नुसत्या ॲसिडने ते उसवत नाहीत.

३ जुलै, बुधवार

काकांना विचारलं, कोवळ्या जनावराच्या नसा मिळतील का? म्हणाले, "पालव्याचं मटण लोक मागूनच नेतात, नसा तुमच्या." चार पालव्यांच्या मिळून अर्धा किलोच्या आसपास.

म्हाताऱ्या बकऱ्याच्या तुकड्यांत पेप्सिन घातलं. पेप्सिन हे जठरातलं, प्रथिनं कापणारं एन्झाइम. ते कोलॅजेनच्या रेणूच्या टोकांचे सुटे शेपटे कापतं, मधल्या पिळाला (दोरीसारख्या वळलेल्या साखळ्यांना) हात लावू शकत नाही.

१० जुलै, बुधवार

पालव्याचं कोलॅजेन उतरलं! वरच्या स्वच्छ द्रवात मीठ थोडं थोडं घालत ०.९ मोलरपर्यंत नेलं. आधी काहीच नाही. मग बीकरच्या मध्यात एक पांढरा ढग, आणि काचेच्या कांडीने एकदा फिरवलं तर त्या ढगाच्या शेवया झाल्या, कांडीला गुंडाळत आल्या. पहिल्यांदा मला काकांची काडी आठवली. दिसायला दोन्ही धागे सारखेच, पण काकांच्या काडीवर रक्तातलं फायब्रिन आणि माझ्या कांडीवर कंडरेतलं कोलॅजेन. एक गोठताना तयार होतं, दुसरं आयुष्यभर शरीराचा भार ओढत असतं.

कांडीवरच्या शेवया पाहताना मद्रास विद्यापीठाचं काम आठवल्याशिवाय राहत नाही. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये तिथे बसून कोलॅजेन तीन साखळ्यांच्या पिळाचं असतं हे मांडलं. क्ष-किरणांच्या चित्रासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीची कंडरा वापरली होती. प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसिन, कारण पिळाच्या आतल्या बाजूला त्याच्याहून मोठं काही मावतच नाही. एक रेणू ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड. तो मिलिमीटरभर जाडीचा धरला तर लांबी वीतभर होईल. मला मायक्रोस्कोपखाली तो कधीच दिसणार नाही, पण तो असा आहे हे भारतातल्या एका खोलीत उलगडलं, याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

१९ जुलै, शुक्रवार

पहिला खरा प्रयोग. पद्धत गुस्ताव बॉर्न यांची, १९६२ ची. प्लेटलेट्सनी भरलेला प्लाझ्मा ढगाळ असतो. ३७ अंशांवर ढवळत ठेवायचा. प्लेटलेट्सचे गुच्छ झाले की प्लाझ्मा निवळतो आणि प्रकाश आरपार जायला लागतो, तो मोजायचा.

एडीपी दिलं: रेषा लगेच चढली. क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीत) नुसत्या डोळ्यांनी रवा दिसला. प्लेटलेट्स छान आहेत.

पालव्याचं कोलॅजेन दिलं: काही नाही. दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं. रेषा सपाट. मात्रा दुप्पट केली, सपाट. पेप्सिनचं दिलं, सपाट. उंदराचं दिलं, सपाट.

संध्याकाळी कुणाशी न बोलता घरी गेले. दीड महिन्याचं काम आहे हे.

२२ जुलै, सोमवार

मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "तू त्यांना कोलॅजेन दिलंस की कोलॅजेनचे रेणू दिलेस?"

रात्रभर याच्यावर वाचलं. कंडरेत किंवा रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलॅजेन सुटं नसतंच. रेणू शेजारी शेजारी, थोडे मागेपुढे सरकून बसतात, दर ६७ नॅनोमीटरला एक पट्टा दिसेल अशा बेताने, आणि तंतू होतो. वाहिनी फुटली की प्लेटलेट्सना हा तंतू भेटतो. प्लेटलेट्सच्या पृष्ठभागावर कोलॅजेनला पकडणारी मुख्य दोन प्रथिनं, म्हणजे ग्राहक: एक इंटेग्रिन, तो सुट्या रेणूलाही धरू शकतो पण त्याला मॅग्नेशियम लागतं. दुसरा ग्लायकोप्रोटीन सहा. प्लेटलेटला जागं करण्याचं मोठं काम या दुसऱ्याचं, आणि त्याला एक रेणू पुरत नाही, ओळीने बसलेले अनेक लागतात.

मी काय केलं होतं? ॲसिडमध्ये सुटे सुटे झालेले रेणू थेट प्लाझ्मात टाकले. त्यांना तंतू व्हायला वेळच दिला नाही. शिवाय सायट्रेटने मॅग्नेशियमही धरून ठेवलेलं. म्हणजे दोन्ही दारं मीच लावून घेतली होती.

मन हलकं झालं. रेषा सपाट होती, पण ती खरं सांगत होती.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आहे. काल संध्याकाळपासून वीज नाही. जनरेटरवर फक्त फ्रीझर. शीतखोली बंद, आणि आत पेप्सिनच्या खेपेचं डायलिसिस (बारीक छिद्रांच्या नळीतून मीठ बाहेर झिरपू देणं) चालू होतं. मामा गुडघाभर पाण्यातून वाट काढून मासे बाजारातून बर्फाची अर्धी लादी गोणपाटात बांधून घेऊन आले. ते पोचेपर्यंत नळीतला द्रव २३ अंशांवर गेला होता. साधारण चौदा तास तसाच.

मामांना म्हटलं, एवढं कशाला केलंत? ते म्हणाले, "तुम्ही रात्र रात्र बसून काढलंय ते."

३१ जुलै, बुधवार

वीज आली. कोलॅजेन तुटलं का ते पाहायला जेल लावलं, त्यात प्रथिनांच्या साखळ्या वजनाप्रमाणे पट्ट्यांत वेगळ्या होतात. छातीत धडधड होती.

पट्टे जागेवर. अल्फा-एकचा जाड, त्याच्या किंचित खाली अल्फा-दोनचा, साधारण निम्म्या जाडीचा. पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनमध्ये अल्फा-एक दोन आणि अल्फा-दोन एक असतात, त्यामुळे असंच दिसायला हवं. वर बीटाची जोडी, म्हणजे दोन-दोन अल्फा साखळ्या टाक्याने जोडलेल्या. खाली तुकड्यांचा पुसट फराटा नाही. चौदा तास २३ अंशांवर, पेप्सिनचा अंश सोबत असूनही पीळ शाबूत राहिला. पीळ उलगडायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते, आणि जोवर पीळ आहे तोवर पेप्सिनला आत शिरता येत नाही.

(जेल पहिल्यांदा पाहणाऱ्या ज्युनिअरसाठी: मार्करच्या हिशेबाने अल्फा साखळ्या त्यांच्या खऱ्या वजनापेक्षा जड दिसतात. कोलॅजेन जेलमध्ये इतर प्रथिनांसारखं धावत नाही. घाबरू नकोस.)

मामांना जेल दाखवलं. कुठला पट्टा म्हणजे काय, ते बोट ठेवून सांगितलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

तंतू तयार केले. गार कोलॅजेनमध्ये दहापट बफर, थेंब थेंब सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच ७.४, मग क्युव्हेट ३० अंशांवर. ३१३ नॅनोमीटरला गढूळपणा मोजत बसले. सुरुवातीला रेषा आडवी. पालव्याच्या कोलॅजेनने लवकर उचल खाल्ली, पेप्सिनच्या खेपेने बऱ्याच उशिरा. टोकाचे शेपटे असतील तर रेणूंना एकमेकांच्या शेजारी बसणं सोपं जातं, पेप्सिनने ते कापलेले. पण शेवटी दोन्ही क्युव्हेट विरजण लागल्यासारख्या पांढऱ्या झाल्या.

४ ऑगस्ट, रविवार

अमावस्या. उद्यापासून श्रावण. सगळं कोल्हापूर आज मटणाच्या दुकानापुढे रांगेत होतं. काकांनी तरीही पहाटे तीनला बोलावून घेतलं, पहिल्या तीन जनावरांचं रक्त माझ्या बाटल्यांत धरलं आणि मगच फळी उघडली.

दहा वाजता प्लाझ्मा तयार. लाटा होत्या. आधी एडीपी, ठीक. मग सुटे रेणू, सपाट, अपेक्षेप्रमाणे. मग पालव्याच्या कोलॅजेनचे तंतू.

पहिली काही सेकंदं रेषा सपाटच. मग उलट थोडी खाली गेली. प्लेटलेट्स तबकडीच्या गोल होत असतात तेव्हा असं होतं. मी श्वास धरून होते. साधारण मिनिटभराने रेषा वळली आणि चढायला लागली, चढतच गेली. एडीपीसारखी झटक्यात नाही. कोलॅजेनच्या बाबतीत हा थांबा पुस्तकात दिलेला असतोच: आधी प्लेटलेट्स तंतूला चिकटतात, मग आतलं एडीपी आणि थ्रोम्बॉक्सेन बाहेर टाकतात, आणि मग बाकीच्या येऊन जुळतात. क्युव्हेट उचलून पाहिली. प्लाझ्मा निवळला होता आणि तळाशी एक पांढरा लोळा फिरत होता, त्यातून बारीक तंतू बाहेर आलेले.

दुसरं जनावर, तेच. तिसरं, रेषा कमी चढली पण चढली. पेप्सिनच्या खेपेचे तंतू: थांबा जास्त, चढ कमी, पण उत्तर होय.

मग तेच तंतू अर्धा तास ६० अंशांवर ठेवले आणि ३७ ला आणून दिले. सपाट. अमिनो आम्लं तीच, क्रम तोच, वजन तेच. फक्त पीळ गेला, म्हणजे त्याचं जिलेटिन झालं, आणि प्लेटलेट्सनी ओळख दाखवली नाही.

तीन जनावरं म्हणजे काही नाही, हे मला माहीत आहे. पण आज मी मॅडमच्या केबिनमध्ये धावत गेले.

१३ ऑगस्ट, मंगळवार

श्रावण. काकांचं दुकान आठवड्यातून दोनच दिवस उघडं. रक्त नाही. रासायनिक मोजमापं उरकून घेते.

हायड्रॉक्सिप्रोलिन: सहा नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ११० अंशांवर रात्रभर, मग क्लोरामिन-टी, मग एर्लिखचं द्रावण. नळ्या फिकट गुलाबीपासून गर्द गुलाबीपर्यंत. हे अमिनो आम्ल कोलॅजेनमध्ये भरपूर आणि इतरत्र क्वचित, म्हणून कोलॅजेन मोजायला सोयीचं. ते तयार करायला शरीराला क जीवनसत्त्व लागतं. आपल्याला ते आवळ्या-लिंबातून घ्यावं लागतं, न मिळालं तर पीळ कच्चा राहतो, हिरड्यांतून रक्त येतं, तोच स्कर्व्ही. शेळी स्वतःचं क जीवनसत्त्व स्वतः बनवते. तिला स्कर्व्ही होत नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

हा प्रयोग प्रस्तावात नव्हता. कंडरेची एक पट्टी बीकरमधल्या पाण्यात टांगली, खाली पेपरक्लिपचं वजन, पाणी सावकाश तापवलं. ५० अंश, काही नाही. ५५, काही नाही. ६२ च्या सुमारास पट्टी डोळ्यांदेखत आखडली, वळवळत वर आली, तिसऱ्या हिश्श्याइतकी राहिली आणि रबरासारखी झाली. एवढ्या थोड्या अंशांत असंख्य पीळ एकदम उलगडतात.

सुभाष रोडवरच्या एका चप्पल कारागिरांकडून म्हशीच्या कातड्याची कात्रण आणली होती, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेली. ती ६२ ला ढिम्म. सत्तरी ओलांडल्यावर कुठे आखडायला लागली. हिरड्या-बाभळीतलं टॅनिन कोलॅजेनच्या साखळ्यांना बाहेरून आणखी टाके घालतं. कातडं शतकानुशतकं कमावणाऱ्या हातांना पिळाचं नाव माहीत नव्हतं, पण तो पक्का कसा करायचा हे नेमकं माहीत होतं. रक्त थांबवायच्या स्पंजला मात्र टॅनिन नको, जखमेत तो हळूहळू विरघळून जायला हवा.

आईने रविवारी पायाचं सूप केलं, बाबांच्या गुडघ्यासाठी. उरलेलं फ्रीजमध्ये थिजलं. ते सूप प्यायल्याने कोलॅजेन थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही, पोटात त्याची अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होतात, हे मी सांगितलं. बाबा म्हणाले, चव तर आहे ना. तेही खरं.

४ सप्टेंबर, बुधवार

श्रावण संपला. आणखी तीन जनावरं. आधीची तीन धरून सहांपैकी पाच वेळा तंतूंना उत्तर, एकदा नाही. त्या एका नळीतला प्लाझ्मा गुलाबी होता, म्हणजे आधीच लाल पेशी फुटल्या होत्या आणि प्लेटलेट्स थकलेल्या. ती मोजणीतून वगळली, पण वहीत ठेवली.

पुढच्या खेपेपासून गुलाबी प्लाझ्मा दिसला की प्रयोगच करायचा नाही, आणि हा निकष आधी लिहून ठेवायचा, नंतर नव्हे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

पहिला स्पंज. तंतू साच्यात ओतले, उणे २० वर गोठवले, दोन दिवस लायोफिलायझरमध्ये (गोठलेल्यातलं पाणी निर्वातात उडवणारं यंत्र). झाकण उघडलं तर पांढरा, हलका, मुरमुऱ्याच्या लाडवासारखा सच्छिद्र. चिमटीत धरला तर वजन जाणवत नाही.

सायट्रेटच्या रक्तात कॅल्शियम परत घालून एक थेंब वर सोडला. थेंब क्षणात आत शोषला गेला, कडेने पसरला नाही. शेजारी जिलेटिनचा तुकडा ठेवला होता, त्याने थेंब शोषला पण तो ओला होऊन चपटा झाला. सहा मिनिटांनी दोन्ही तुकडे सलाईनमध्ये बुडवले. जिलेटिनच्या भोवती पाणी लाल झालं. स्पंजभोवतीचं पाणी स्वच्छ राहिलं.

हे एकदाच झालं आहे. काकांना बुधवारसाठी दोनशे मिली सांगून ठेवलं. सायट्रेटच्या बाटल्या मामांनी धुऊन उन्हात ठेवल्यात.